तापल्या गाडीवरचा मुऱ्हाळी

रागाने तरातरा निघून जायचं असेल तर गाडी एका किकला सुरू व्हायला हवी. नाही झाली तर रागाचे काय हाल होतात ते आमच्या कोरीटच्या नवलला विचारा. किंवा नकोच, तुमच्यावरही उखडेल. मीच सांगतो.

नंदुरबारच्या बाजारात चांदमल शेठचं पाइप-मोटारीचं दुकान आहे. नवल तिथे भर उन्हात गेला, पाइपाच्या तोटीवरून भांडला आणि "पुन्हा या दुकानाची पायरी चढलो तर नावाचा नवल नाही!" असं अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडून पायरी उतरला. गाडीवर बसला. किक मारली. पुन्हा मारली. बूट काढून मारली, घालून मारली. गाडी ढिम्म. शेवटी गादीवरून शेठचा शांत आवाज आला, "नवलभाऊ, ऊन लागेल हां. आत पंख्याखाली बसा. गाडी थंड होऊ द्या, मग जा रागावून."

आणि नवल गेला हो आत! ज्या पायरीवर नाव टाकलं तीच चढून, शेठचं ताक पीत, भिंतीकडे बघत अर्धा तास बसला. मग गाडी अर्ध्या किकला सुरू झाली, जणू काही घडलंच नव्हतं.

असंच सोसायटीच्या बैठकीत झालं, असंच एका तेराव्याला झालं. गाडी थंड असली की सोन्यासारखी. एकदा का वीस-पंचवीस किलोमीटर पळून तापली आणि बंद केली, की मेली. अर्धा-पाऊण तास मेलेलीच. आणि हा माणूस असा की कुठेही पोचला की दहाव्या मिनिटाला त्याचं भांडण होणार. म्हणजे गाडी तापलेली असतानाच त्याला निघायचं असणार! जिल्ह्यात एवढी माणसं, पण हे दुखणं नेमकं ह्याच माणसाच्या गाडीला झालं, यावर आम्ही पारावर किती हसलो असू.

नवल उंच, वाळका, मिशा पांढऱ्या झाल्या तरी टोकं वर. नोकरीची बहुतेक वर्षं डोंगरातल्या धडगावला सरकारी कचेरीत गेली. तिथे त्याची बदली भांडणामुळे झाली होती आणि भांडणामुळेच तिथून पुन्हा कधी झाली नाही, कारण खाली सपाटीवरचा एकही साहेब त्याला घ्यायला तयार नव्हता. तिथल्या काठी गावच्या होळीला सगळा सातपुडा लोटतो, माणसं मोरपिसं लावून पहाटेपर्यंत नाचतात. नवल एकदा गेला तर गाडी कुठे लावायची यावरून भांडून परत आला. होळी बघितलीच नाही. पण तेव्हा ही गाडी त्याची शान होती. काळी, लाल पट्ट्याची, शंभर सीसीची. जीपवाले घाटात माणसं टपावर बसवून रडतखडत चढायचे आणि हा बाजूने सुळकन जायचा. त्या काळी तापून बंद पडणं वगैरे भानगड नव्हती.

भानगड सुरू झाली तीही त्याच्या रागातूनच. ते पुढे येतं.

आधी मांड्याचं सांगायला हवं, कारण सगळी आग तिथे लागली.

अखाजी म्हणजे आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. बाहेरचे लोक अक्षय्य तृतीया म्हणतात. चैत्र-वैशाखाच्या त्या कडाक्याच्या उन्हात लेकी-बहिणी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके टांगतात, गौराईची गाणी म्हणतात. पण सासरची बाई अशी पिशवी उचलून आपली आपण येत नाही. माहेरचा माणूस तिला घ्यायला गेला पाहिजे. तो मुऱ्हाळी. मग बाई साठीची असो की सत्तरीची.

नवलची थोरली बहीण कौसाबाई तापीच्या पुलापलीकडे, शहाद्याच्या बाजूला दिलेली. आई लवकर गेली म्हणून तिनेच नवलला कडेवर वाढवला. लग्नानंतर दर अखाजीला नवल मुऱ्हाळी म्हणून गेला. आधी सायकलवर, नंतर ह्या गाडीवर. एक साल चुकलं नाही. तिचा नवरा लोटन हाही नवलच्याच मापाचा, फरक एवढाच की नवल ओरडून भांडतो आणि लोटन हसून. हसून भांडणारा जास्त वाईट, हे मी माझ्या घरात बघितलेलं आहे.

तर काही सालांपूर्वीच्या अखाजीला लोटन बायकोला परत न्यायला कोरीटला आला. जावई माणूस. पाट मांडला, आमरस वाढला, आणि नवलच्या बायकोने, मीनाबाईने, खापरावरचा पुरणाचा मांडा वाढला. मांडा पातळ हवा, आणि खरं सांगायचं तर मीनाबाईच्या हातचे मांडे जरा जाडच. पण हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. लोटनने मांडा दोन बोटांत धरून उचलला, उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "मीनाबाई, हाऊ मांडा शे का गोधडी? हिवायामा पांघराले कामे ई."

पंगतीतले दोघे हसले. तिसरा मी होतो.

नवल उठला. "ऊठ! पाटवरतून ऊठ! मन्ह्या घरना मांडा गोधडी वाटस ना? तुन्ह्या घर जाई खाय!"

जावयाला भरल्या ताटावरून उठवणं! आमच्याकडे दुश्मनालाही असं उठवत नाहीत. लोटन उठला, हात धुतले, आणि झोक्यावर बसलेल्या कौसाबाईला तशीच उतरवून त्याच दुपारी घेऊन गेला. जाताना दारात म्हणाला, "आते मुऱ्हाळी मन्ह्या दारमा येवाले पाहिजे. ताटवरतून उठाडं ते चुकनू, असं तोंडवरी म्हनाले पाहिजे. मंग कौसा येई. नही ते नही."

पुढच्या अखाजीला नवल गेलाच नाही. "चुकनू म्हनू? मी? त्या थट्टेखोरले?" म्हणत घरात येरझारा घालत राहिला. कडुनिंबाचा तो झोका रिकामा राहिला, आणि कुणी त्यावर बसायला गेलं की नवल अंगावर यायचा.

त्याच रागाच्या भरात तो एक दिवस नंदुरबारला खात्या मेकॅनिकच्या गॅरेजला गेला. गाडी चालताना इंजिनाच्या डोक्यातून टकटक टकटक आवाज यायचा. जुन्या गाडीला येतोच. इतकी वर्षं आलेला. पण त्या वर्षी नवलला तो आवाज कोणी मुद्दाम खिजवल्यासारखा लागायला लागला. "गोधडी, गोधडी म्हणते ती!" असं त्याला मीनाबाईला सांगताना मी स्वतः ऐकलं.

"टॅपेटचा आवाज आहे, आबा," खात्या म्हणाला. "एवढा असतोच. असू द्या."

"असू द्या? तुझ्या बापाची गाडी आहे का? बंद कर तो आवाज!"

खात्याने थोडं आवळलं. नवलने फेरी मारली, परत आला, "येतोय अजून." पुन्हा आवळलं. पुन्हा फेरी, पुन्हा बोंबाबोंब. गॅरेजमध्ये इतर गिऱ्हाइकं खोळंबलेली. शेवटी खात्याचंही डोकं फिरलं. त्याने पाना घेतला, कचाकच आवळलं आणि म्हणाला, "घ्या. आता मुकी झाली. आणि पुन्हा माझ्या दारात येऊ नका."

"थुंकायलाही येणार नाही!" नवल म्हणाला आणि मुकी गाडी घेऊन घरी आला. खूष होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कोणाचं तोंड बंद केलं होतं.

आणि त्यानंतर गाडीने तापल्यावर सुरू व्हायचं सोडलं.

आता शहाण्या माणसाला दोन आणि दोन जोडता आले असते. पण खात्याच्या दारात थुंकायलाही येणार नाही म्हणालेला नवल तिकडे कसा जाणार? मग सुरू झाली गावभरची डॉक्टरकी. एक मेकॅनिक म्हणाला प्लग गेला. नवा प्लग टाकला. दुसरा म्हणाला कॉइल तापून बसते. नवी कॉइल टाकली. तिसऱ्याने कार्बोरेटर सोलून धुतला. कोणी म्हणालं पेट्रोलमध्ये भेसळ, म्हणून नवल पेट्रोल पंपावर जाऊन भांडला आणि तिथेही गाडी सुरू होईना, तेव्हा पंपवाल्याच्याच पोराने ढकलून बाहेर काढून दिली. कोणी ओलं पोतं इंजिनावर टाकायला सांगितलं. मीही एक सल्ला दिला होता: गाडीला लिंबू-मिरची आणि मालकाला तोंडाला कुलूप. त्यानंतर पंधरवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

मुलगा भाग्येश नोकरीवाला, दारात कार उभी. तो म्हणाला, "आबा, भंगारात द्या ती. मी आत्याला कारने आणतो."

"तू आणशील?" नवल उसळला. "मुऱ्हाळी मी आहे का तुझी कार आहे? ड्रायव्हर घेऊन मी बहिणीच्या दारात जाणार नाही!"

कौसाबाईसुद्धा काही कमी नाही. भाच्याच्या कारमध्ये बसून यायला तीही तयार नव्हती. ज्याने नवऱ्याला उठवलं त्यानेच न्यायला यायचं. बरोबर आहे की नाही? मला विचाराल तर ह्या सगळ्या गोष्टीत रागवायचा हक्क फक्त एका बाईला होता, आणि तिला कोणी विचारतच नव्हतं.

गेल्या अखाजीला नवल गेला. 'चुकनू' हा शब्द तोंडातल्या तोंडात घोकत गेला म्हणे. अंगणात गाडी लावली. लोटन बाजेवर बसलेला. नवलने सुरुवात केली, "दाजी, त्या दिन जे..."

"कोनता दिन?" लोटन गोड हसला. "गोधडीना?"

झालं! नवल वळला, गाडीवर बसला, किक मारली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. भर दुपारी, शत्रूच्या अंगणात, शत्रूच्या कडुनिंबाखाली, घराकडे पाठ करून तो अर्धा तास उभा राहिला. पाणी आणलं तर घेतलं नाही. गल्ली जमली. हे सगळं मला दगूबाईने सांगितलं. ती आमच्याच गल्लीतली लेक, दिलेली कौसाबाईच्या शेजारी, दोघींच्या अंगणात कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवर कोपर टेकून तिने सगळा तमाशा शेवटपर्यंत पाहिला, आणि तिच्याइतकं रंगवून सांगणारं माणूस मला अजून भेटायचंय. बहीण तशीच राहिली, भाऊ हात हलवत आला.

यंदा अखाजीआधी त्याच दगूबाईकरवी कौसाबाईचा निरोप आला. "नवलले सांगजे, औंदा मुऱ्हाळी हात हालावत गया, ते मन्हं माहेर संपनं. पुढला साल मी दार लावी लेसू."

हे ऐकल्यावर नवल कोणावरच ओरडला नाही. मीनाबाई घाबरली. ती म्हणाली, "ओरडला असता तर बरं होतं."

अखाजीच्या तीन दिवस आधी तो निघाला. गाडी अर्ध्या किकला सुरू झाली, मुक्याने गेली. उन्हाने रस्ता पाण्यासारखा हलत होता. पूल ओलांडला, गाव आलं, अंगण आलं. लोटन त्याच बाजेवर. ह्या वेळी नवलने एका दमात म्हणायचं ठरवलं होतं. पण तोंड उघडायच्या आतच लोटन आतल्या बाजूला ओरडला, "कौसा, मुऱ्हाळी उना वं! गोधडी आनी का इचार!"

दगूबाई सांगते, नवल इतका लाल झाला की तिला वाटलं आता पडतो. "जळो तुन्हं घर!" म्हणाला आणि गाडीकडे गेला. किक. किक. किक. प्लग काढून पाहिला. ठिणगी निळी, झकास. प्लग पेट्रोलने ओला. म्हणजे ठिणगी आहे, पेट्रोल आहे, आणि गाडी मात्र सुरू नाही. त्याने सायलेन्सरला लाथ घातली.

तेवढ्यात कौसाबाई बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या होता, पण तिने तो त्याला दिला नाही, उंबऱ्यावर आपटला.

"तू उना तेबी माले समजनं नही!" ती कडाडली. "पहिले कोपरावर गाडी उनी का टकटक ऐकू ये. मी चहा ठेवी दे. उंबरावर तू, चुल्हावर चहा. आते मुकाट येस, चोरना मायेक! गाडीनी बी दातखीळ बठाडी का तू?"

नवलचा पाय किकवरच थांबला.

मुकी. टकटक. खात्याचं ते कचाकच. तो खाली बसला आणि किक हाताने दाबून पाहिली. सकाळी कोरीटला हीच किक पायाला उलटून लागत होती. आता पोकळ. लोण्यात बोट घातल्यासारखी खाली गेली. इंजिन दम धरतच नव्हतं.

"दाब नही शे," तो म्हणाला. कोणाला, तेही त्याला कळलं नाही.

"दाब नही, ते मंग वाल बसत नसतीन," बाजेवरून लोटन म्हणाला. लोटनची जिंदगी तापीकाठच्या डिझेल इंजिनांत गेलेली. तोही सवयीने बोलून गेला. "टॅपेट आवळेल शे का?"

"मुकी करेल शे पुरी."

"मंग कशी चालू व्हई? तापनं का लोखंड वाढस. तेले जागा नको का? ती टकटक म्हंजे तेनी जागा व्हती, येड्या!"

"येडा कोणले म्हनस?"

"तुले!"

आणि हे भांडण, मंडळी, पहिल्यांदाच कामाचं होतं. झालेलं होतं ते एवढंच: वाल म्हणजे व्हॉल्व्ह; तो उघडणारा दांडा आणि वाल ह्यांच्यात केसाएवढी फट लागते. आवाज त्या फटीचा. नवलने आवाजाचा राग करून फट मारली. इंजिन थंड असेपर्यंत निभायचं. तापलं की लोखंड फुगून वाल नीट मिटायचाच नाही, उघड्या तोंडाने राहायचा. गार झालं की मिटायचा. उघड्या तोंडाने दम कोण धरणार? हे मी तुम्हाला इंजिनाबद्दल सांगतोय, बाकी तुम्ही समजून घ्या.

नवलने लगेच पाने काढले. लोटन बाजेवरून उतरला. "तापेल इंजनले हात लाऊ नको! आते फट लावशी ते सकायले चुकी. पुरं थंड व्हऊ दे."

"मी आते जाई ऱ्हायनू!"

"जाय मंग! ढकलत जाय!"

अर्ध्या तासाने निघता आलं असतं, पण यंदा हात हलवत परतायची सोय नव्हती; असा नवल त्या घरी मुक्कामाला राहिला. जेवताना दोघे पाठीला पाठ लावून बसले. कौसाबाईने दोघांना वाढलं ते असं की वाटी खाली ठेवल्याचा आवाज भिंतीपलीकडे दगूबाईला मोजता आला.

सकाळी नवलने टाकी उतरवली, इंजिनाच्या डोक्यावरच्या दोन टोप्या उघडल्या, मॅग्नेटवरची खूण जुळवली. आता फट मोजायला पातळ पट्टी हवी. ती कोरीटला पेटीत राहिलेली. दाढीचं पातं चालतं, हे त्याला माहीत होतं. आणि पातं होतं कुठे? चार हातांवर लोटन आरसा टेकवून दाढी करत होता. अर्धा गाल झालेला, अर्ध्यावर फेस.

नवल मागेना. लोटन देईना. दोघांनाही सगळं कळत होतं. नवल उगाच पाना पुसत बसला, लोटन एकाच गालावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत बसला. कौसाबाईने दारातून पाहिलं, आली, नवऱ्याच्या हातातून रेझर घेतला, फिरवून उघडला, पातं काढलं, पाण्यात बुचकळलं आणि भावापुढे टाकलं.

"वं! मन्ही दाढी!" लोटन किंचाळला.

"ऱ्हाऊ द्या अर्धी. अर्धं तोंड बंद ऱ्हाई."

नवलने पातं फटीत सरकवलं, किंचित अडेल इतपत ठेवून नट आवळला. दुसरी बाजूही तशीच. टोप्या लावल्या, टाकी चढवली. किक पायाला उलटून लागली. गाडी सुरू झाली आणि बोलायला लागली, टकटक टकटक टकटक. पूर्वीपेक्षा मोठ्याने. नवलचे दात करकरले. पण पाना त्याने खिशात घातला.

त्याने गाडी गावाबाहेर फिरवून आणली, चांगली तापवली, अंगणात आणून बंद केली आणि लगेच किक मारली. सुरू! पुन्हा बंद, पुन्हा सुरू! एवढ्यात कौसाबाई नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन उंबऱ्यावर आली. बोलायचं ते अजून कोणी बोललं नव्हतं.

"दाजी. परवा अखाजीले या. जेवाले."

हे चुकलो म्हणणं नव्हतं, पण नवलच्या मानाने पुष्कळ होतं. लोटनने तेवढ्यावर थांबायला हवं होतं. अर्ध्या फेसाचा तो माणूस हसला.

"येसू ना. पन मीनाबाईले सांग, औंदा गोधडी जरा..."

पुढचं ऐकायला नवल होताच कुठे! एक किक, टकटक टकटक, आणि अंगणात नुसती धूळ. किती वर्षांनी, मंडळी, किती वर्षांनी त्याला असं निघून जाता आलं! चांदमल शेठच्या ताकापासूनचा सगळा राग त्याने त्या एका किकेत फेडून घेतला. गल्लीतून गेला तो मान ताठ करून. आणि लगेच बोलायला लागला, "पाह्यं ना आक्का? पाह्यं ना कसा माणूस शे? आते तूच सांग, कोण चुकना?" मागून उत्तर नाही. नवलला वाटलं, आक्काला पटलं. मग त्याने लोटनच्या बापापासून सगळी कुळी काढली. पुलापर्यंत.

पुलावर झुळूक आली तशी तो म्हणाला, "आक्का, पदर नीट धर, चाकमा जाई," आणि मागे हात नेला.

सीटवर कोणी नव्हतं.

इकडे कौसाबाई उंबऱ्यावर पिशवीवरच बसली होती. दगूबाई भिंतीपलीकडे तोंडात पदर कोंबून खाली बसली होती, कारण उभं राहून हसणं तिला जमेना. लोटनही हसणार होता, पण बायकोचं तोंड बघून त्याने टॉवेल तोंडावर घेतला आणि राहिलेला फेस पुसत राहिला.

टकटक परत आली. नवल अंगणात थांबला. गाडी बंद केली नाही. मान खाली.

"आक्का, बस."

ती उठली, चालत आली आणि चावी स्वतः फिरवली. गाडी बंद.

"एक म्हने चुकनू कसं म्हनू. दुसरा म्हने गोधडी," ती म्हणाली. ओरडली नाही. दगूबाई म्हणते, ओरडली असती तर बरं होतं. "तुमना दोन्हीसना तोंडमा मन्हं माहेर सापडेल शे. माले कोणी इचारं? मी काय गाडीना मांगे बांधानं गाठोडं शे, भुली गया ते भुली गया? जेले कडेवर वाढावं तो मालेच इसरी गया. आनि हाऊ," नवऱ्याकडे बोट, "हाऊ दोन बोट मांडाना करता तीन अखाजी हसत बठना. बोला. आते बोला ना. गल्ली ऐकी ऱ्हायनी."

मग नवल ओरडला. माफी मागताना इतकं ओरडलेलं कोणी ऐकलं नसेल. शिवी घालावी तसा ओरडला.

"चुकनं! ताटवरतून उठाडं ते मन्हं चुकनं! आयकनं का?"

"आयकनं!" लोटनही तितक्याच जोरात. "गोधडी म्हननू तेबी चुकनं! आते गल्लीले आयकू गयं का?"

"आयकू उनं!" भिंतीपलीकडून दगूबाई.

"तू गप ऱ्हाय!" तिघे एकदम.

कौसाबाईने पिशवी उचलली. पण बसली नाही. "आते किक मार. तापेल शे तशी. चालू व्हयनी ते येस. नही व्हयनी ते मी घरमा, आनि तू कधी येऊ नको."

नवलने दोन्ही हात हँडलवर ठेवले. लोटन जवळ आला, कोणी ऐकू नये असं हळूच म्हणाला, "चोक लाऊ नको. ॲक्सिलेटर हालू नको. सरळ मार." नवलने त्याच्याकडे रागाने पाहिलं, आणि सरळ मारली.

टकटक टकटक टकटक.

कौसाबाई एका बाजूने बसली, एक हात भावाच्या खांद्यावर, एक पिशवीवर. वळून नवऱ्याला म्हणाली, "परवा या लेवाले. वाढी ते खावा." आणि गेली.

कोरीटला त्या दिवशी आम्ही गाडी कोपऱ्यावर असतानाच ओळखली. मीनाबाईने चहा ठेवला. खात्याला मी नंतर बाजारात गाठून विचारलं, "का रे, तेव्हाच का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "काका, त्या माणसाला 'असू द्या' म्हणून झालं होतं. दुसरं काय म्हणू?" आणि दुसऱ्या गाडीखाली सरकला. अजून चिडलेलाच होता.

अखाजीला लोटन आला. दाढी पूर्ण केलेली. पाट मांडला, आमरस वाढला. आणि मीनाबाईने, तिलाही राग होताच की, कोणी तिला तरी कुठे विचारलं होतं, खापरावरून असा मांडा उतरवला की गेल्या खेपेची गोधडी त्याच्यापुढे ओढणी वाटावी. वाढला आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. सगळी पंगत थांबली. मीसुद्धा. लोटनने मांडा उचलला. उजेडाकडे नेणार तोच त्याला झोक्यावरून बघणारी कौसाबाई दिसली. मांडा त्याने रसात बुडवला, घास तोंडात कोंबला, आणि खाली मान घालून खात राहिला. दुसरा मागून घेतला.

नवल बाह्या वर सरसावून उभा होता. बराच वेळ उभा होता. मग ताडकन वळला, बाहेर गेला आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या सीटवर बसून राहिला. एवढी तयारी करून भांडायला काही मिळालं नाही म्हणून तो दिवसभर कोणाशी बोलला नाही.